डिझाइनचं शिक्षण घेताना हाताने दागिने घडवून विकणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः पितळ, तांबं आणि चांदीत काम करणाऱ्या, पुण्या-मुंबईत किंवा आसपास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. मण्यांची आणि मोत्यांची कामं जिथे लागतात तिथेच आली आहेत.

जुरीला आवडलेला नमुना तसाच विकायला ठेवता येईल का?

बहुतेक वेळा नाही. जुरीसाठी, म्हणजे कॉलेजात काम तपासणाऱ्या परीक्षकांसाठी, केलेला दागिना दहा मिनिटं टेबलावर राहतो. विकलेला दागिना लोकलच्या गर्दीत ओढणीत अडकतो, घामात भिजतो, रात्री उशीखाली जातो. त्यामुळे विक्रीआधी तीन गोष्टी करा. एक, तोच दागिना १२ वेळा घडवा आणि प्रत्येक वेळी लागलेली मिनिटं लिहा. पहिल्याला दोन तास आणि बाराव्याला चाळीस मिनिटं लागत असतील, तर किंमत चाळीस मिनिटांवर धरता येते. बाराव्यालाही दोन तासच लागत असतील, तर घडणीची पद्धत बदला. दोन, बारापैकी दोन नग मैत्रिणींना रोज १५ दिवस घालायला द्या. तीन, ते परत आल्यावर कड्या उघडल्या का, टोकं टोचतात का, कुठे काळं पडलं, हे भिंगाखाली बघा. एवढं केल्यावर जे टिकतं ते विका.

सुरुवातीला कोणती हत्यारं घ्यावीत?

करवतीचा सांगाडा आणि २/० व ३/० नंबरची पाती, प्रत्येकी एक डझन. टेबलाला अडकवायची लाकडी जीभ, म्हणजे करवत चालवताना पत्रा टेकवायची फळी. तीन पकडी : गोल तोंडाची, चपट्या तोंडाची आणि कापणी. अर्धगोल आणि चपटी कानस. ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर. एक छोटी हातोडी, एक नायलॉनची हातोडी, ऐरणीच्या जागी पोलादी ठोकळा. जाडी मोजायला व्हर्नियर, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा. पॉलिशची मोटर पहिल्या वर्षी घेऊ नका, कॉलेजची वापरा.

मुंबईत हत्यारांसाठी झवेरी बाजार आणि काळबादेवीचा परिसर, मणी आणि सुटे भाग भुलेश्वरला. पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळी. तांब्याच्या मठारकामाचा पोत समजून घ्यायचा असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. हातोडीचे ठोके एका ओळीत, एकाच जोराने कसे पडतात हे तिथे पाहिल्यावर बऱ्याच शंका मिटतात.

२० गेजची तार मागितली, पण दर वेळी वेगळी जाडी का मिळते?

कारण गेजच्या दोन पद्धती चालतात. ब्रिटिश पद्धतीत २० गेज म्हणजे ०.९१ मिलिमीटर, अमेरिकन पद्धतीत ०.८१. २४ गेज एकात ०.५६, दुसऱ्यात ०.५१. आपल्या बाजारात बहुधा ब्रिटिश पद्धत, परदेशी व्हिडिओत अमेरिकन. नेहमी मिलिमीटरमध्ये मागा आणि दुकानातच व्हर्नियर लावून बघा.

करवतीची पाती सारखी तुटतात. काय चुकतं?

आधी दाते खाली, मुठीकडे आहेत का ते बघा. पातं छेडल्यावर तारेसारखा स्वच्छ आवाज यायला हवा, ‘ठप’ आवाज आला तर ते ढिलं आहे. वळण घेताना करवत पुढे ढकलायची नाही. जागेवरच वरखाली चालवत पत्रा फिरवायचा. पात्याच्या पाठीला थोडं मेण लावा. आणि पत्रा धरलेला हात जिभेवर घट्ट टेकलेला हवा, कारण पत्रा उडाला की पातं गेलंच.

हॉस्टेलच्या खोलीत झाळकाम (तापवून सोल्डरने सांधे जोडणं) करता येईल का?

नाही. गादी, पडदे आणि बंद खिडक्यांच्या खोलीत गॅसची बत्ती चालवू नका. झाळकाम कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच करा आणि आठवड्यातून एकदाच, सगळे सांधे एकत्र. खोलीत कापणं, कानशीने घासणं, तार वळवणं, गाठवणं ही कामं होतात. झाळ नकोच असेल तर रिव्हेट, कड्या आणि तारेचे वेढे वापरून बिनझाळीची मालिका करा. अनेकदा ती दिसायलाही जास्त नीटस असते.

एक सूचना गांभीर्याने घ्या. जुन्या दुकानांत ‘केडीएम’ नावाने मिळणारं सोल्डर म्हणजे कॅडमिअम असलेलं सोल्डर. कॅडमिअमचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, कॅडमिअम नसलेलं चांदीचं सोल्डर मागून घ्या.

सोल्डर गोळा होऊन बसतं, वाहत नाही. का?

याची चार कारणं आहेत. ती या क्रमाने तपासा.

पहिलं म्हणजे फट. सोल्डर फट भरत नाही, ते टेकलेल्या दोन कडांमध्ये शिरतं. सांधा उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर पुन्हा कानस मारा.

दुसरं, मळ. बोटाचं तेलसुद्धा पुरतं. पॉलिश पेपरने सांधा आणि सोल्डरचा तुकडा दोन्ही घासा, नंतर बोट लावू नका.

तिसरं, टाकणखार (बोरॅक्स). पाण्यात दाट, दह्यासारखा कालवून सांध्यावर लावा आणि सुरुवातीला आच लांबून द्या. जवळून दिली तर पाणी उकळून टाकणखार फुगतो आणि सोल्डरचा तुकडा उडवून देतो. फुगा बसून काचेसारखं चकचकीत दिसू लागलं की मग जवळ या.

चौथं आणि सर्वांत जास्त घडणारं : ज्योत थेट सोल्डरवर धरणं. सोल्डर उष्णतेच्या दिशेने धावतं. आधी पूर्ण दागिना तापवा, जाड भागाला जास्त वेळ द्या. बारीक कडी जाड पत्र्याला लावताना ज्योत पत्र्यावरच ठेवा. कडीवर धरली तर सोल्डर कडीवर चढेल, आणि थोड्या वेळाने कडीच वितळेल. शुद्ध चांदी ९६२ अंशांला वितळते, ९२५ चांदी (९२.५ टक्के शुद्ध) त्याच्या सत्तर-एक अंश आधीच पूर्ण वितळते. चुकीला जागा फार नाही.

एकाच नगावर अनेक सांधे असतील तर आधी कडक (जास्त आचेला वितळणारं), मग मध्यम, शेवटी मऊ (कमी आचेला वितळणारं) सोल्डर वापरा, म्हणजे आधीचे सांधे सुटत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं शिसं-कथिलाचं सोल्डर चांदीजवळ आणूच नका. त्याचा कण राहिला आणि नग पुन्हा तापवला, तर तो चांदीला खड्डे पाडतो.

झाळल्यावर काळेपणा काढायला सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबाचं सत्त्व, अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. त्यात लोखंडी चिमटा बुडवू नका, सगळ्या नगांवर तांब्याचा लाल थर चढतो. प्लॅस्टिकचा किंवा तांब्याचा चिमटा वापरा. पितळ या पाण्यातून गुलाबीसर निघालं तर ६०० नंबरच्या पेपरने तो रंग जातो. शेवटी रिठ्याचं पाणी आणि पितळी तारेचा मऊ ब्रश. सोनार पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत आणि चांदीला येणारी ती चमक महागड्या क्रीमनेही येत नाही.

कानातल्याचा आकडा किती जाड, किती लांब?

०.८ मिलिमीटर तार, प्रत्येक आकड्याला ४५ ते ५० मिलिमीटर. याहून जाड तार बऱ्याच जणींच्या छिद्रातून जात नाही, आणि ०.६ ची वाकते. दोन्ही आकडे एकाच पेनावर किंवा नळीवर एकत्र वळवा, नाहीतर जोडी जुळत नाही. टोक कानशीने गोल करून १००० नंबरच्या पेपरने घासा आणि गालावर फिरवून बघा, खरखरलं तर अजून घासायचंय. शेवटी वळणावर नायलॉनच्या हातोडीचे पाच-सहा हलके ठोके, म्हणजे तार ताठर होते. एका कानाचं वजन ८ ग्रॅमच्या आत ठेवा. डिझाइन मोठं हवं असेल तर पत्रा पातळ करा किंवा मधून कापून जाळी करा.

गिऱ्हाईक म्हणतं कान खाजतात, पाणी येतं. दागिन्यात दोष आहे का?

बहुतेकदा निकेलची अ‍ॅलर्जी असते. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदीचा अंशही नसतो. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण आहे. ऑक्सिडाइज्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक झुमक्यांच्या मुळाशी हेच असतं. मुलाम्याच्या खालीही निकेलचा थर असू शकतो, तेव्हा मुलामा करणाऱ्याला स्पष्ट विचारा. उपाय असा की बाकी दागिना पितळेचा असला तरी कानात जाणारा आकडा किंवा दांडी ९२५ चांदीची ठेवा. खर्च थोडा वाढतो, तक्रारी जवळजवळ थांबतात.

तपासायला डायमिथाइल ग्लायॉक्झिमचं किट मिळतं. कापसाची काडी घासल्यावर गुलाबी झाली की निकेल आहे. जर्मनी-नेदरलँड्समधल्या नातेवाइकांकडून ऑर्डर येत असेल तर लक्षात ठेवा, युरोपीय संघात टोचलेल्या कानात जाणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये.

पितळ काळं पडतं, बोट हिरवं होतं. पावसाळ्यात काय करायचं?

तांबं आणि पितळ घामाशी क्रिया करणारच, तो दोष नाही. पण विकताना हे सांगायला हवं. लॅकरचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, पातळ थर काही महिने साथ देतो. अंगठीच्या आतल्या बाजूने मात्र तो लवकर निघतो. जून ते सप्टेंबर तयार माल झिप-लॉक पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह, एका पिशवीत एकच नग. मुंबईच्या खाऱ्या हवेत उघडी ठेवलेली चांदीही पिवळट होते. पितळेसाठी चिंच आणि मीठ उत्तम, पण मोती, पोवळं किंवा शंख जडवले असतील तर आंबट काहीही लावू नका, त्यांचा पृष्ठभागच विरघळतो.

‘एक ग्रॅम गोल्ड’ असं लिहून विकू का?

लिहू नका. त्या नावाने विकल्या जाणाऱ्या दागिन्यात एक ग्रॅम सोनं असतंच असं नाही, तो मुलामा आहे. ‘पितळेवर सोन्याचा मुलामा’ असं लिहा. मुलामा करणाऱ्याकडून जाडी मायक्रॉनमध्ये लिहून घ्या. धातूचं खरं नाव लेबलवर असणं हा या धंद्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ विश्वास आहे.

अंगठी आणि बांगडीची मापं कशी घ्यायची?

भारतीय अंगठीचा नंबर म्हणजे ढोबळमानाने आतला घेर मिलिमीटरमध्ये वजा ४०. चौदा नंबरचा आतला घेर ५४. पट्टी कापताना त्यात धातूची जाडी गुणिले ३.१४ मिळवा. १.५ मिलिमीटर जाडीला ४.७ मिळवून ५८.७ झाले. ही बेरीज विसरली की अंगठी दीड-एक मिलिमीटर अरुंद होते आणि बोटात अडकते. पट्टी ६ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर एक नंबर वर जा. बोट संध्याकाळी मोजा, सकाळी नाही.

बांगडीत पहिला आकडा इंच आणि दुसरा इंचाचे सोळावे भाग. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, ५७ मिलिमीटर. दोन-सहा ६० आणि दोन-आठ, म्हणजे अडीच, ६३.५ मिलिमीटर. हे आतले व्यास आहेत.

पितळेत केलेला नमुना चांदीत किती वजनाचा होईल?

पितळी नगाचं वजन गुणिले १.२. दहा सेंटिमीटर बाजूचा चौकोनी, ०.८ मिलिमीटर जाड पत्रा पितळेत सुमारे ६८ ग्रॅम, चांदीत ८३. ऑर्डर घेताना चांदीचा भाव त्या दिवसाचा धरा आणि अर्धी रक्कम आगाऊ घ्या. घासताना पडणारी घस वेगळ्या डबीत साठवा. पितळेची आणि चांदीची घस एकत्र झाली तर रिफायनरीवाला भाव पाडतो. सोनारांच्या दुकानातली धूळ धुऊन झारेकरी सोनं-चांदी काढायचे, ते उगीच नाही.

नथ करायची आहे. नवशिक्याने सुरुवात करावी का?

जरूर, पण दाबाच्या नथीपासून. तार ०.४ ते ०.५ मिलिमीटर. मोत्यांची छिद्रं आधी तपासा, पोत्यातले बरेच मोती बारीक छिद्राचे निघतात आणि तार दोनदा ओवता येत नाही. चाप नाकाला किती दाबतो हे प्रत्येक नगाचं स्वतःच्या नाकावर अर्धा तास बघा आणि नंतर स्पिरिटने पुसा. मोत्यांचे सर गाठवताना प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ द्या, दोरा तुटला तरी एकच मोती जातो. गाठींमुळे सर लांबतो, तेव्हा मोती ओळीत ठेवून मोजलेल्या लांबीवर विसंबू नका. चांगला पटवेकरी (दागिने दोऱ्यात गाठवून देणारा कारागीर) शोधून त्याच्याकडून एकदा शिकून घ्या, व्हिडिओतून बोटांचा ताण कळत नाही.

किंमत कशी ठरवायची?

पितळेच्या एका जोडीचा हिशेब उदाहरणादाखल, दर मात्र आजचे घाला. पत्रा ३५ रुपये, चांदीचे आकडे २०, लॅकर आणि पॉलिश २५, डबी आणि कार्ड २२ : झाले १०२. वाया जाणारा माल दहा टक्के धरून १०. पाती, पेपर, गॅस यांचे १५. तुमची ५० मिनिटं, तासाला १२० रुपये दराने, १००. एकूण २२७. किरकोळ किंमत याच्या दुप्पट, म्हणजे ४५० च्या आसपास.

दुप्पट कशासाठी? कारण दुकान ३५ टक्के कापून घेतं तेव्हा तुमच्या हातात २९२ येतात. त्यातून २२७ गेले की ६५ उरतात, आणि न विकलेल्या नगांचं, फोटोंचं, येण्याजाण्याचं नुकसान याच ६५ मधून भरायचं असतं. जी जोडी तुम्ही मैत्रिणींना २५० ला दिलीत, ती दुकानात ठेवताच येत नाही, कारण कापून १६२ येतील. विद्यार्थी नेमके इथेच फसतात. स्वतःच्या वेळेचे पैसे शून्य धरतात, सुरुवातीला स्वस्त विकतात आणि नंतर भाव वाढवता येत नाही. दोस्तांना सवलत द्यायची असेल तर पूर्ण किंमत लिहून त्यातून वजा करा.

दुकानात ठेवायला दिलेल्या मालाचे पैसे कधी मिळतात?

माल देताना यादी दोन प्रतींत : नग, किंमत, कमिशन, पैसे देण्याची तारीख, हरवला किंवा तुटला तर भरपाई कोण देणार. दुकानदाराची सही घ्या. महिन्यातून एकदा स्वतः जाऊन नग मोजा.

प्रदर्शनात स्टॉल घ्यावा का?

पुण्याची भीमथडी जत्रा डिसेंबरच्या सुमाराला असते, मुंबईचा काळा घोडा महोत्सव जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत. अर्ज काही महिने आधी मागवतात, निवड होते. एकट्याने पूर्ण स्टॉल घेण्याआधी दोघी-तिघींनी वाटून घ्या. शंभर नगांपैकी साठ-सत्तर कानातली असू द्या, माप लागत नाही म्हणून ती पटकन जातात. आरसा मोठा आणि डोळ्यांच्या उंचीवर. सुटे पैसे, यूपीआयचा छापील क्यूआर, दुरुस्तीसाठी पकड आणि जादा कड्या जवळ ठेवा. कडी उघडताना बाजूला वळवतात, ओढून फाकवत नाहीत. मदतीला आलेल्या मित्रालाही हे शिकवा.

चांदीवर स्वतः ९२५ चा ठसा मारला तर तो हॉलमार्क होतो का?

नाही. हॉलमार्क भारतीय मानक ब्युरोने मान्यता दिलेल्या केंद्रातच होतो, तोही नोंदणीकृत विक्रेत्याच्या मालावर. तुमचा ठसा म्हणजे तुमचा शब्द. चांदी पावतीसह विकत घ्या आणि पावत्या जपा. वजनावर भाव लावून विकणार असाल तर काटा वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळून मुद्रांकित करून घ्यावा लागतो.

जीएसटी लागतो का?

राज्यातल्या राज्यात वस्तू विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर विकली की नोंदणी, हा मूळ नियम. यादीत बसणाऱ्या हस्तकलेच्या वस्तूंना तिथे २० लाखांपर्यंत सवलत आहे. सीएकडे जाताना एवढं तयार ठेवा : पॅन, वर्षाची विक्री, कोणत्या राज्यांत पाठवता, आणि मालाचा प्रकार. जीएसटीच्या वस्तू-यादीत इमिटेशन दागिने ७११७ या क्रमांकात येतात, चांदीचे ७११३ मध्ये.

इन्स्टाग्रामवर टाकलं की कोणीतरी नक्कल करतं. उपाय?

डिझाइन कायदा, २००० नुसार नोंदणी १० वर्षांसाठी होते आणि ५ वर्षं वाढवता येते. पण डिझाइन नवं, आधी प्रसिद्ध न झालेलं असावं लागतं. इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो हीसुद्धा प्रसिद्धीच. म्हणून आधी अर्ज, मग पोस्ट. कॉपीराइट आपोआप मिळतो हे खरं, पण नोंदणीयोग्य असून नोंदवलं नाही आणि औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त प्रती निघाल्या, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. प्रत्येक कानातल्याची नोंदणी परवडणार नाही. पुन्हा पुन्हा करणार अशी एक-दोन डिझाइनं निवडा. कॉलेजच्या प्रकल्पातलं डिझाइन असेल तर त्यावर हक्क कोणाचा हे प्रवेशाच्या कागदांत आधी वाचा. आणि ठुशी, चिंचपेटी, बुगडी यांचं पारंपरिक रूप कोणाच्याही मालकीचं नाही, तुम्ही त्यात केलेला बदल तेवढा तुमचा.

फोटो आणि पाठवणीबद्दल थोडक्यात?

सकाळची खिडकी, पांढरा कागद, एक फोटो कानात घातलेला. मिलिमीटर आणि ग्रॅम लिहा. कुरिअरवाले खोक्याची लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले ५००० असं किलोतलं वजन धरतात, तेव्हा छोटा खोका वापरा. कानातली परत घेऊ नका, दुरुस्ती मात्र करून द्या.

दिवाळीच्या ऑर्डरी आणि सबमिशन एकाच वेळी येतात. कसं जमवायचं?

आठवड्याचे ८ तास धरा. त्यातले दोन पॅकिंग-हिशेबात जातात, उरले ६. चाळीस मिनिटांच्या जोडीला हे तास ९ जोड्या देतात, आणि एक बिघडणार असं धरून ८. म्हणजे गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या ८ आठवड्यांत ६४ जोड्या. त्यातून सबमिशनचा आठवडा वजा केला की ५६. त्यापुढच्या गिऱ्हाइकाला तारीख नंतरची द्या. पत्रा कापायचं काम जुलै-ऑगस्टमध्येच उरकून ठेवता येतं, लॅकर मात्र कोरड्या दिवशीच मारा, दमट हवेत तो दुधाळ होतो.

संक्रांतीला हलव्याचे दागिने करून द्यावेत का?

करा. नवविवाहितेच्या पहिल्या संक्रांतीला आणि बाळाच्या बोरन्हाणाला मागणी हमखास असते, हत्यारं जवळजवळ लागत नाहीत. हलवा काटेरी आणि पूर्ण कोरडा निवडा. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्यापेक्षा दोऱ्यात गुंफलेला हार अंगावर नीट बसतो. बाळाच्या दागिन्यात टाचणी, तार, सुटा मणी काही नको, रेशमी फितीने बांधा. डिसेंबरअखेर ऑर्डर बंद करा, आणि नग हवाबंद डब्यात ठेवा, कारण ओल लागली की काटे विरघळतात आणि ते पुन्हा बसवता येत नाहीत.